लेक झाडाखाली शिकते, मग ती मागे पडेल का?

*ताई, सादर नमस्कार.*

*आम्ही साताऱ्यात राहतो. माझी मुलगी चौथीत आहे. गावाबाहेरच्या एका लहानशा मराठी शाळेत जाते. शाळा सरकारची नाही, कुठल्या मोठ्या संस्थेचीही नाही. काही शिक्षक आणि पालक मिळून ती चालवतात. पहिली-दुसरीत मी निर्धास्त होते. यंदा मात्र फेब्रुवारी लागला आणि शाळेचा नूरच पालटला. दर शनिवारी झाडं बघायला माळावर. एक दिवस गुऱ्हाळ, एक दिवस भिलार हे पुस्तकांचं गाव. होळीला पळसाच्या फुलांचे रंग केले, फ्रॉकवरचा डाग अजून गेलेला नाही. रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची (जत्रेत बैल ओढतात त्या उंच गाड्याची) माहिती गोळा केली. मागच्या आठवड्यात खाजकुयली लागून रात्रभर रडली. आता पाडव्यानंतर 'वसंत मेळावा' आहे म्हणून रोज त्याचीच तयारी. घरचा अभ्यास जवळजवळ नाहीच.*

*तिकडे जाऊबाईंचा मुलगा शिष्यवृत्तीसाठी रोज दोन-दोन तास पेपर सोडवत होता. सासरे रयतच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, ते म्हणतात, "ही शाळा आहे की सहल?" ह्यांनी सीबीएसईच्या एका शाळेत चौकशी केली आहे. तिथं एप्रिलमध्येच वर्ग सुरू होतात आणि प्रवेशाचे पैसे २० मार्चच्या आत भरायचे आहेत. मुलगी आहे त्या शाळेत खूश आहे, हे मला दिसतं. पण नुसत्या खुशीवर पुढचं निभतं का? ती मागे पडेल का?*

*एक आई, सातारा*

२० तारखेला पैसे भरू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण दिवस थोडे आहेत आणि घाईत भरलेले पैसे नंतर निर्णय होऊन बसतात. "आता भरलेच आहेत तर जाऊ दे तिला," असं घरात कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. २० मार्च ही त्या शाळेची तारीख आहे, तुमच्या मुलीची नाही. तिची चौथी अजून संपलेली नाही. एप्रिलमध्ये नव्या शाळेत बसवलंत तर मेळावा, वर्षअखेरचं मूल्यमापन, १ मेचं झेंडावंदन आणि निकाल, सगळं अर्ध्यावर टाकून ती उठेल. दहा वर्षांच्या मुलीला आपल्याला का उठवलं हे कळत नाही. आपलं काहीतरी चुकलं, एवढंच तिला कळतं.

पण तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. "ती मागे पडेल का" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर घरबसल्या मिळतं. येत्या रविवारी दुपारी तासभर काढा. तिनं कधी न वाचलेला एक उतारा द्या, वर्तमानपत्राच्या मुलांच्या पानावरचा चालेल. मोठ्यानं वाचू दे, मग पान बंद करून तिच्या शब्दांत सांगू दे. एक प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर उताऱ्यात एका ओळीत सापडत नाही, वाचून लावावं लागतं. मग ७३५ ला ६ नं भागायला सांगा. त्यानंतर तोंडी विचारा: ४८ मुलं आहेत, एका जीपमध्ये ९ बसतात, किती जीप लागतील? "पाच आणि बाकी तीन" असं म्हणाली तर तिला भागाकार येतो. "सहा" म्हणाली तर तिला भागाकार कळतो. शेवटी माळावरच्या एखाद्या शनिवारबद्दल दहा ओळी लिहू दे. शुद्धलेखनाच्या चार चुका सोडून द्या. वाक्यामागून वाक्य येतं का, वाचणाऱ्याला चित्र दिसतं का, ते बघा.

हे तिला जमलं तर ती मागे नाही. कुणाच्याच मागे नाही. अडखळली, तर कुठं अडखळली ते लिहून ठेवा आणि सोमवारी तिच्या वर्गाच्या ताईंना जाऊन भेटा. लहान शाळेचा हाच मोठा फायदा आहे: वर्गात वीस-पंचवीस मुलं असतात, शिक्षकांना आपलं मूल नावानं आणि अक्षरानं ओळखता येतं. "भागाकारात हातचा चुकतो," असं सांगितलंत तर एप्रिल संपायच्या आत त्यावर काम होऊ शकतं. शाळा बदलून हातचा सुधारत नाही.

आता माळावरच्या शनिवारांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, "झाडं बघायला जातात." तिची वही उघडून बघितलीत का? पत्रात वहीचा उल्लेख कुठंच नाही, म्हणून विचारते. पळसाचंच घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची पानं गळून झाड उघडं होतं आणि त्या उघड्या फांद्यांवर केशरी फुलं लगडतात. चौथीतल्या मुलीनं एक फूल हातात घेतलं तर तिला काय दिसतं? काळपट, मखमली देठ-पेला. पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी. वास नाही. वास नाही, मग कीटक येणार कसे? वर बघितलं की उत्तर फांदीवर बसलेलं असतं: साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, आणि उत्तरेकडून आलेल्या गुलाबी मैनांचे थवे. त्यांना आपल्याकडे पळसमैना म्हणतात. फुलांचं काम पाखरं करतात, म्हणून रंग भडक आणि वास नाही. पुस्तकात 'परागीभवन' हा धडा पुढे कधीतरी येईल तेव्हा तुमची लेक तो पाठ करणार नाही, तिला तो आठवेल.

आणि त्या रंगाचं. पळसाची फुलं पाण्यात भिजवली किंवा उकळली की केशरी-पिवळं पाणी निघतं. एका वाटीत चिमूटभर चुना टाकला तर रंग गडद होतो, दुसरीत लिंबू पिळलं तर फिका पडतो. पुढच्या इयत्तांत हेच आम्ल आणि आम्लारी म्हणून येतं, लिटमसच्या कागदासकट. फ्रॉकवरचा डाग जात नाही म्हणता, म्हणजे बहुतेक त्यांनी रंगात तुरटीही घातली असणार. तुरटीनं रंग कापडाला धरून ठेवतो. तिला विचारून बघा, "तुरटी कशाला घातली होती गं?" ती जे सांगेल त्यावरून तुम्हाला शाळेबद्दल बरंच कळेल. तिनं नीट सांगितलं तर शाळेत शिक्षण चाललंय. "माहीत नाही, ताईंनी घातली," म्हणाली, तर तो नुसता रंग खेळण्याचा कार्यक्रम होता. डाग तुरटीचा असेल तर राहू दे. फ्रॉक माळावरचा म्हणून वेगळा ठेवा.

हा फरक मी मुद्दाम सांगतेय, कारण प्रयोगशील म्हणवणाऱ्या सगळ्याच शाळा सारख्या नसतात. काही ठिकाणी मुलांना झाडाखाली उभं करून फोटो काढतात आणि परत आणतात. सहल झाली, उपक्रम झाला, अहवालात नोंद झाली. अशा शाळेबद्दल तुमचे सासरे जे म्हणाले ते अगदी बरोबर ठरेल. म्हणून वहीत मी काय शोधेन ते सांगते. एकाच झाडाबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलंय का? जानेवारीअखेर काटेसावर लाल झाली, मग पांगारा, मग पळस. पिंपळाला तांबूस पालवी आली. कुसुमाचं झाड फुलाविनाच नव्या पानांनी लालभडक झालं. आंब्याचा मोहर गळून बाळकैऱ्या धरल्या. कडुनिंबाला बारीक पांढरी फुलं आली. करंजाखाली एप्रिलमध्ये फुलांचा सडा पडेल. हे सगळं एका आठवड्यात बघून होत नाही. त्यासाठी त्याच झाडाकडे परत परत जावं लागतं आणि तारीख टाकून लिहावं लागतं. म्हणून 'दर शनिवार'. तुम्हाला जी पुनरावृत्ती वाटली, मला ती शाळेची सगळ्यात जमेची बाजू वाटते.

शिवाय हे जूनमध्ये ढकलता येत नाही. आपल्या साताऱ्यात फुलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कास येतं, पण कास पावसाळा सरता सरता बहरतं. झाडांचा बहर याच दोन-अडीच महिन्यांचा. तांबट याच दिवसांत टुकटुकतो, कोकिळ याच दिवसांत सुरू होतो, थोड्या दिवसांनी कावळे काटक्या आणि तारांचे तुकडे गोळा करायला लागतील. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्रत्यक्ष कावळ्याचं घरटं हेरून महिनाभर त्यावर नजर ठेवणारी माणसं किती असतात? चौथीतलं मूल ते करू शकतं, त्याला तेवढा धीर असतो. दहावीत तो राहत नाही.

गुऱ्हाळाच्या दिवसाचंही तसंच. टनभर उसाला साधारण शंभर किलोच्या आसपास गूळ पडतो, हे गुऱ्हाळवाल्याकडून ऐकलं की 'दहावा भाग' म्हणजे काय हे फळ्यावर समजवावं लागत नाही. उरलेले नऊशे किलो कुठं गेले? चिपाडात आणि वाफेत. काहिलीवरची वाफ तिनं डोळ्यांनी बघितली आहे. बावधनच्या बगाडाला होळीला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस, ठरतो आणि रंगपंचमीला बैल जुंपून बगाड ओढतात. हे तिनं कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून घेतलं असेल, तर तिला प्रश्न विचारता येतो, समोरचा बोलत असताना ऐकता येतं आणि ऐकलेलं लिहिता येतं. भाषेच्या पेपरात याहून मोठं काय विचारतात? आणि भिलारला मुलांना मार्चमध्ये नेण्याची कल्पना तर मला फारच आवडली. स्ट्रॉबेरी अजून शेतात आहे आणि २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव, घराघरात पुस्तकं मांडलेली. एकीकडे तोडणी आणि एकीकडे वाचन. तिनं तिथं कुठलं पुस्तक उघडलं, हे विचारलंत का?

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र थोडं सबुरीनं घ्यायला हवं. त्यांना खोडून काढायला जाऊ नका. ज्या माणसानं उभा जन्म शिकवण्यात घातला त्याला नातीच्या अभ्यासाची काळजी वाटणारच, आणि ती प्रेमापोटी आहे. पण त्यांच्याकडूनच तुम्हाला सगळ्यात मोठा आधार मिळू शकतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः राबत आणि शिकत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य मामंजींनी किती वेळा फलकावर वाचलं असेल. हातांनी काम करणं आणि शिकणं वेगळं नाही, हे या जिल्ह्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

पुढे जाऊन त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण करून द्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केलं त्यात एक 'कुरणशाळा' होती. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणात गेली. शिक्षक गुरांमागे गेले आणि तिथल्या दगड-पाना-फुलांवर शिकवलं. आपल्याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. आणि बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले. तिथला ऋतूंचा उत्सव १९०७ मध्ये सुरू केला तो त्यांच्या धाकट्या मुलानं, शमींद्रनाथनं. तो तेव्हा तुमच्या लेकीएवढाच होता. त्याच वर्षी कॉलऱ्यानं तो गेला. वसंतोत्सव तिथं अजून होतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की ही कालपरवाची फॅशन नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येसुद्धा उपक्रम, शोध आणि धुंडाळण्यातून शिकवावं असंच म्हटलंय, आणि तो खासगी शाळांनाही लागू आहे.

पण इतिहास सांगून माणसं वळत नाहीत, काम दिलं की वळतात. मामंजींना मेळाव्याला नुसतं बघायला नेऊ नका, आधीच्या आठवड्यात शाळेत घेऊन जा. अशा शाळांना नेहमी एखादं जाणतं माणूस हवं असतं. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट कशी चालायची, हावळा कसा भाजायचे, गावच्या जत्रेत कुस्तीचे नारळ-फेटे कसे ठरायचे, शिंगणापूरची कावड मुंगी घाटातून कशी चढते, हे मुलांनी त्यांना विचारावं आणि त्यांनी सांगावं. पंचवीस मुलं वही उघडून प्रश्न विचारायला लागली, की निवृत्त शिक्षकाला त्या शाळेची पातळी दहा मिनिटांत कळेल. तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा त्यांना त्या दहा मिनिटांवर जास्त विश्वास बसेल. आणि बसला नाही, तर त्यांचं निरीक्षण मन लावून ऐका. ते जाणकार आहेत.

जाऊबाईंच्या मुलाबद्दल घरात वावगं बोलू नका, लेकीसमोर तर मुळीच नाही. त्यानं कष्ट केलेत आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत विचार करायला लावणारे प्रश्न असतात. तुमच्या मुलीलाही पुढे ती द्यावीशी वाटली तर देऊ द्या. सुट्टीच्या दिवशी जुना पेपर कोडं म्हणून सोडवायला काय हरकत आहे? दोघं भावंडं एकत्र बसली तर त्याला पळसमैना दाखवता येतील आणि तिला बुद्धिमत्तेच्या आकृत्या. फक्त त्याचे गुण तिच्या पुढ्यात मांडू नका. घरचा अभ्यास नाही याची तुम्हाला टोचणी आहे, ती मला समजते. रिकामी संध्याकाळ आईला सहन होत नाही. रोज वीस मिनिटं तिनं तुम्हाला वाचून दाखवावं आणि दुकानाचा हिशेब तिच्याकडे द्यावा. चौथीला याहून जास्त मी कुठल्याही शाळेत सांगितलं नसतं.

खाजकुयलीवर मात्र मी शाळेची बाजू घेणार नाही. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही उडतात. माळावर मुलं नेणाऱ्या शिक्षकांना तो वेल ओळखता आलाच पाहिजे. पुन्हा लागली तर चोळू नका. चिकटपट्टी त्वचेवर दाबून उचला, कुसं तिच्याबरोबर निघतात, मग पाण्यानं धुवा. शाळेला तुम्ही स्पष्ट विचारायला हवं: लांब बाह्यांचे कपडे सांगता का, मुलांबरोबर मोठी माणसं किती असतात, प्रथमोपचाराची पेटी बरोबर असते का, दहाच्या आत मुलं सावलीत परततात का? मार्चच्या उत्तरार्धातलं ऊन थट्टेवारी नेण्यासारखं नसतं. आणि एक महत्त्वाचं, आग्या मोहोळ. फुलोऱ्याच्या दिवसांत मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर ही पोळी असतात. अत्तर, सेंट लावून जायचं नाही, दगड मारायचा नाही, जवळ धूर करायचा नाही, हे मुलांना निघण्याआधी सांगितलं जातं का? याची उत्तरं ज्या शाळेकडे तयार असतील तिच्याबरोबर मूल कुठेही पाठवावं. "काही होत नाही हो," असं उत्तर मिळालं तर पुढच्या शनिवारी तुम्ही स्वतः बरोबर जा.

आता ज्या गोष्टीची तुम्ही पत्रात चौकशीच केली नाही, तिच्याबद्दल. मला खरी काळजी तिची वाटते. ही शाळा पुढे कितवीपर्यंत आहे? अशा बऱ्याच शाळा चौथीला किंवा सातवीला थांबतात. पाचवीचा वर्ग आहे का, त्याला मान्यता आहे का? यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, आहे का, मुलीचं नाव सरकारी नोंदीत नीट चढलंय का? शाळा स्वयंअर्थसाहाय्यित आहे, म्हणजे शासनाचं अनुदान नाही. मग फीमधून शिक्षकांचे पगार वेळेवर होतात का? दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर कितीही सुंदर वसंत मेळावा झाला तरी ते लक्षण चांगलं नाही. आतून पोखरलेली शाळा बाहेरून बरेच दिवस आनंदी दिसते. हे प्रश्न विचारायला संकोच वाटून घेऊ नका. पालकांनी मिळून चालवलेली शाळा आहे, विचारणं हा तुमचा हक्क तर आहेच, कर्तव्यही आहे. प्रामाणिक मंडळी वही काढून आकडे दाखवतील.

यजमानांशी बोलताना माध्यमाचा मुद्दा काढा, कारण सीबीएसई म्हणजे बहुधा इंग्रजी माध्यम. आज जी मुलगी तुरटीचं काम मराठीत समजावून सांगू शकते, तिला एप्रिलपासून तेच इंग्रजीत सांगता येणार नाही, आणि वर्गात तिला 'येत नाही' असं मानलं जाईल. निदान पहिलं अर्धं वर्ष भाषा सावरण्यात जाईल. तुम्हाला ज्या मागे पडण्याची भीती वाटते ते तिथं नक्की होईल, निदान काही काळ. इंग्रजी हवंच, त्यात वाद नाही. तर मग शाळेला विचारा, पाचवीपासून गणित-विज्ञान सेमी इंग्रजीत करण्याचा विचार आहे का? नसेल तर इंग्रजी बोलण्या-वाचण्यासाठी काय करतात? हा तुमच्या यजमानांचा रास्त प्रश्न आहे आणि तो त्यांनी स्वतः शाळेत जाऊन विचारावा. आत्तापर्यंत ते फक्त दुसऱ्या शाळेत जाऊन आलेत, असं पत्रावरून वाटतं.

तर क्रम असा ठेवा. रविवारी तिचं वाचन आणि गणित. सोमवारी तिच्या ताईंची भेट. त्याच आठवड्यात तुम्ही दोघं मिळून शाळेच्या चालकांना भेटा: पुढचे वर्ग, मान्यता, पगार, इंग्रजी, माळावरची काळजी. मामंजींची शाळेतली फेरी. मग मेळावा. मेळाव्यात लेकीच्या टेबलापाशी आई म्हणून उभ्या राहू नका, दुसऱ्या तीन मुलांच्या टेबलांपाशी जा आणि प्रश्न विचारा, कारण आपलं मूल आपल्याला हुशारच वाटतं. त्यांना आपलं काम समजावून सांगता आलं तर शाळा चांगली आहे.

एवढं करून उत्तरं समाधानाची आली नाहीत, पाचवीचा भरवसा नसेल, शिक्षक टिकत नसतील, तिला वाचताच येत नसेल, तर शाळा जरूर बदला. पण जूनमध्ये, चौथीचा निकाल आणि दाखला रीतसर हातात घेऊन. आणि सीबीएसईकडे धावण्याआधी घराजवळची चांगली मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळा बघा, जिथं ती चालत जाऊ शकेल. राज्य मंडळाच्या शाळांचे प्रवेश अजून सुरू असतील, २० तारखेला काही दारं बंद होत नाहीत. बदलायचं ठरलं तर तिला कारण सांगा, खरं कारण, तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत. आणि मेमध्ये कुठल्याही क्लासला घालू नका. बहावा फुलेल, पळसपापड्या वाळून उडतील, तिची वही अजून संपलेली नसेल.